बंदीनंतरची साखर

तुरुंगात इन्सुलिन मिळतं का, हा प्रश्न एप्रिल २०२४मध्ये घरोघरी पोचला. दिल्लीचे तेव्हाचे मुख्यमंत्री अरविंद केजरीवाल तिहार तुरुंगात होते, वाद कोर्टात गेला, 'एम्स'च्या डॉक्टरांचं मंडळ नेमण्याचा आदेश झाला. (कैदी मुख्यमंत्री असला की त्यानं खाल्लेल्या आंब्यांचीही बातमी होते.) पण इन्सुलिन मिळालं तरी ते कधी टोचायचं, हा पेच उरतोच.

नवा कैदी आला की डॉक्टरांनी त्याला तपासावं, हे १८९४च्या कारागृह कायद्यातच आहे. इथेच चालू औषधं आणि डोस नोंदवून घ्यायला हवेत. टाइप १ मधुमेहाचा रुग्ण असेल तर इन्सुलिनविना एक-दोन दिवसांतच रक्तात आम्ल साचू लागतं.

बराकीत सुई सहसा ठेवू देत नाहीत. कारण उघड आहे. कुपी दवाखान्याच्या फ्रिजमध्ये, २ ते ८ अंशांवर. साधं इन्सुलिन जेवणाआधी अर्धा तास घ्यायचं असतं. म्हणजे दवाखान्याची रांग आणि भत्त्याची, म्हणजे जेवणाची, रांग यांत तेवढंच अंतर पडायला हवं. भत्ता उशिरा आला तर साखर उतरू लागते.

संध्याकाळ जास्त अवघड. जेवण लवकर उरकतं आणि अंधार पडायच्या आत बंदी होते, बराकीला कुलूप लागतं. पुढचा घास थेट सकाळी. ३०/७० मिश्रणातलं संथ इन्सुलिन मात्र संध्याकाळी घेतलं की रात्री ऐन भरात येतं. साखर ७०च्या खाली गेली की घाम, थरथर, मग बरळणं. शेजारच्याला वाटतं, नाटक करतोय. बरळणाऱ्याला स्वतःला हाक मारणं जमत नाही, त्यामुळे पहारेकऱ्याला बोलवायचं काम बराकीतल्या सोबत्यांचंच. शुद्धीवर असेल, गिळता येत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं. बेशुद्धाच्या तोंडात काही घालायचं नाही. रात्री साखर उतरणं टाळायला डॉक्टरांनी रात्रीचं काहीतरी खाणं लिहून द्यावं लागतं. निदान जेवणातली एक चपाती मागे ठेवायची मुभा तरी.

कोर्टाच्या तारखेचा दिवस निराळाच. सकाळी सुई घेतली आणि भत्त्याआधीच पोलीस पार्टीची हाक आली, तर माणूस उपाशीच गाडीत बसतो. म्हणून जाणता कंपाउंडर आधी तारखांची यादी बघतो, मग सिरिंज भरतो.