गळ, गाळ आणि उधाण

बधिरीकरणतज्ज्ञाच्या व्यवसायात एक सुख असे की, सकाळची यादी वेळेवर सुरू झाली तर दुपारी चारनंतरचा वेळ आपला असतो. माझा तो वेळ गेली अनेक वर्षे डुमसच्या किनाऱ्यावर गळ टाकण्यात जातो. आपल्या मंडळातील एका तरुण सभासदाने कयाक घेतली आणि लाटेपलीकडे जाऊन मासे धरण्याचा आग्रह मला केला. आणखीही काही जण त्याच विचारात असल्याचे समजते, म्हणून त्याला दिलेले उत्तर येथे जरा विस्ताराने मांडतो.

कयाक ही मूळची ध्रुवप्रदेशातील इन्युइट लोकांची, सीलच्या कातड्याने मढवलेली शिकारी होडी. आज जगभरची हौशी मंडळी तिच्यातून लाटा फोडून मासेमारी करतात. आपल्या समुद्राचा स्वभाव मात्र निराळा. खंभातचे आखात नरसाळ्यासारखे निमुळते होत गेल्यामुळे आत शिरणारे पाणी उंच चढते. भावनगरला उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीतील फरक १० मीटरच्या आसपास जातो. आपण त्या मानाने आखाताच्या तोंडाशी. तरीही मुंबईपेक्षा आपले पाणी अधिक चढते. खरी धास्ती चढण्याची नाही, उतरण्याची आहे. ओहोटीला पाणी इतके दूर जाते की, परतणाऱ्या कयाकपुढे किनाऱ्याऐवजी चिखल पसरलेला असतो. त्यात उतरावे तर पाय रुततात आणि होडी ओढवत नाही. थांबावे तर पुढची भरती अंधारात येते. तापीच्या मुखावरील गाळाच्या दांड्यांमुळेच इंग्रजांची मोठी जहाजे शहराकडे न येता सुंवाळीला नांगर टाकीत, हे स्मरणात ठेवावे.

कोकणात तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते; चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. हा हिशेब सुरतेस जसाच्या तसा लावू नये, कारण मुंबईची भरती होऊन गेल्यावर आपली होते. मी येथील कोष्टक पाहूनच निघतो आणि शक्यतो अष्टमीच्या सुमाराचे भांगाचे दिवस निवडतो. त्या दिवसांत पाण्याला ओढ कमी असते आणि संध्याकाळी ते चढते असते.

तापी, नर्मदा, मही यांच्या गाळाने पाणी इतके गढूळ असते की चकाकणारे कृत्रिम आमिष येथे जवळजवळ निरुपयोगी ठरते. मासा वासावर आणि स्पर्शावर येतो. म्हणून गळाला ताजी कोलंबी लावावी. बहुतेक वेळा लागतो तो शिंगाळा, मिशांनी चिखल चाचपणारा. जिताडा लागला तर तो दिवस सणाचा.

शिंगाळ्याबद्दल मात्र डॉक्टरांशी डॉक्टर म्हणून बोलले पाहिजे. त्याच्या पाठीवरचा आणि दोन्ही बाजूंचा काटा दातेरी व विषारी असतो. गळ काढताना तो बोटात शिरला तर वेदना जखमेच्या मानाने फारच मोठी होते. हे विष उष्णतेने निष्प्रभ होते, म्हणून सुमारे ४५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात बोट ३० ते ९० मिनिटे बुडवून ठेवावे. पाणी आधी दुसऱ्या, निरोगी हाताने पाहावे. बोटाला भूल दिलेली असेल किंवा मधुमेहामुळे संवेदना मंदावल्या असतील, तर रुग्णाला चटका कळत नाही आणि उपचारानेच भाजते. आमच्या शाखेच्या माणसाला हे अधिक खुपते. काट्याचा तुकडा आत राहिला आहे काय, हे क्ष-किरणाने पाहावे. धनुर्वाताची लस विसरू नये.

याहून गंभीर गोष्ट व्हिब्रिओ व्हल्निफिकसची. कोमट खाऱ्या पाण्यातील हा जंतू जखमेतून शिरतो आणि यकृताचा आजार असलेल्या माणसाला एकदोन दिवसांत मृत्यूच्या दारी नेऊ शकतो. समुद्राच्या पाण्यानंतर पाय झपाट्याने सुजला, त्यावर रक्ताळलेले फोड आले, तर जंतुवर्धनाच्या अहवालाची वाट न पाहता डॉक्सिसायक्लिन व सेफ्टाझिडिम सुरू करावे आणि शल्यविशारदास त्याच रात्री बोलवावे. पायाला साधा ओरखडा असला, तरी त्या दिवशी मी पाण्यात उतरत नाही. कोरड्या वाळूवरूनच गळ टाकतो.