बैलाची विश्रांति आणि धन्याची विश्रांति

पोळ्याच्या आदल्या दिवशीं आम्ही बैलांची खांदेमळणी करतों. पोळ्यास त्यांच्या मानेवर जूं ठेवीत नाहीं. सरकारनेंही १९६५ सालीं नियम केले. त्यांप्रमाणें गाडी ओढणाऱ्या वा ओझें वाहणाऱ्या जनावरास दिवसांत एकंदर ९ तासांहून अधिक, किंवा विसाव्यावांचून सलग ५ तासांहून अधिक राबवितां येत नाहीं. पारा ३७ अंशांवर जातो अशा ठिकाणीं दुपारीं १२ ते ३ त्यास जुंपतांही येत नाहीं.

परंतु बैलामागें चालणाऱ्या माणसाचें काय? रात्रीं वीज मिळते तेथें तो मध्यरात्रीं दारें धरावयास जातो, पहाटे धारा काढतो आणि उन्हांत पुन्हा कोळप्यामागें उभा राहतो. घरधनिणीचा दिवस चुलीपाशीं सुरू होऊन चुलीपाशींच संपतो. मध्यें खुरपणी असतेच. झोप अपुरी पडली म्हणजे हात चुकतो, राग लौकर येतो. मळणीयंत्रापाशीं किंवा औषध फवारतांना ही चूक प्राणांवर बेतते.

मुंबईच्या गिरणी कामगारांसाठीं नारायण मेघाजी लोखंडे यांनीं साप्ताहिक सुट्टीची मागणी लावून धरिली, आणि १८९० सालीं रविवार मोकळा मिळाला. शेतकऱ्याचा मालक तो स्वतःच. म्हणून ही मागणी त्यानें स्वतःपाशींच करावयाची आहे.

धारा एक दिवसही राहत नाहींत, हें खरें. यास उपाय आपल्या गांवांतला जुनाच आहे, तो सावडीचा. पेरणीस आपण एकमेकांचे बैल घेतों, त्याचप्रमाणें दोन शेजाऱ्यांनीं आठवड्यांतून एकेक दिवस एकमेकांच्या धारा, वैरण व पाण्याची पाळी सांभाळावी. जनावर परक्या हातास पान्हा चोरतें. यास्तव आरंभीं कांहीं दिवस शेजाऱ्यास जवळ बसवून त्याच्याकडून धार काढवावी.

याखेरीज तीन गोष्टी पाळाव्या. रात्रीं दारें धरिलीं तर दुसऱ्या सकाळीं जड काम ठेवूं नये. चैत्र-वैशाखांत दुपारीं १२ ते ३ सर्वांनीं सावलींत बसावें. सालगड्याची रजा साल ठरवितांनाच बोलून घ्यावी. आपणांस विसांवा हवा आणि त्यास नको, हा न्याय नव्हे. सावडीच्या दिवशीं घरांतील बाईचाही एक वेळचा स्वयंपाक इतरांनीं करावा.

येत्या पोळ्यापासून प्रत्येक गांवीं निदान दोन घरांनीं हा क्रम सुरू करावा, अशी आमची वाचकांस आग्रहाची विनंति आहे.