जिबूती : जिथे समुद्र जन्म घेतो आहे

पुणे आणि कोल्हापूर हे दोन जिल्हे एकत्र केले तर जेवढा भूभाग होईल, जवळपास तेवढाच जिबूती हा अख्खा देश. तांबडा समुद्र आणि एडनचे आखात जिथे मिळतात, तिथे आफ्रिकेच्या किनाऱ्यावर तो वसला आहे. १९७७ साली फ्रान्सपासून स्वतंत्र झालेल्या या चिमुकल्या देशाच्या पोटात मात्र एक अफाट घडामोड चालू आहे : इथे जमीन दुभंगते आहे आणि तिथे उद्याचा महासागर आकार घेतो आहे.

अरबी, सोमाली आणि आफ्रिकी या तीन भूपट्टांची ताटातूट होते ती याच परिसरात. पहिल्या भेटीचा बेत आखायचा तर या भेगेचाच माग काढत जावे.

राजधानीतून पश्चिमेकडे निघाले की ताजुरा आखाताच्या टोकाशी घुबेत नावाचे निळेशार खाजण लागते. त्याच्या पलीकडे आर्दुकोबा ज्वालामुखी. नोव्हेंबर १९७८ मध्ये तो उसळला तेव्हा अवघ्या काही दिवसांत इथली जमीन मीटरभराहून अधिक फाकली. सह्याद्रीही लाव्हारसाचाच, पण तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. इथला काळा कातळ आपल्या हयातीत थिजलेला आहे, आणि त्यावर पाय ठेवता येतो!

आणखी थोडे पुढे असाल सरोवर. समुद्रसपाटीच्या १५५ मीटर खाली असलेली ही आफ्रिकेतली सर्वांत सखल जागा. समुद्राचे पाणी कातळातल्या भेगांमधून झिरपत इथे येते. बाहेर जायला वाट नाही, वर रखरखते ऊन. पाण्याची वाफ होते, मीठ मागे उरते. म्हणून हे पाणी समुद्राच्या सुमारे दहापट खारट आहे. अफार लोकांचे उंटांचे तांडे पिढ्यान् पिढ्या इथले मीठ इथिओपियाच्या डोंगराळ मुलखात नेत आले.

एक रात्र इथिओपियाच्या सीमेवरच्या आबे सरोवराकाठी काढावी. गरम झऱ्यांतला चुना साठत जाऊन इथे सुळके उभे राहिले आहेत. काही तब्बल ५० मीटर उंच, आणि काहींमधून आजही वाफ निघते.

बेताचे महिने नोव्हेंबर ते जानेवारी. उन्हाळ्यात पारा सहज चाळिशीपार जातो. थंडीत हवा सुसह्य असते आणि ताजुरा आखातात व्हेल शार्क येतात. तोंड उघडून प्लवक गाळत फिरणाऱ्या त्या अवाढव्य माशांजवळ पोहता येते. त्यांना हात मात्र लावू नये. मुंबईहून अदिस अबाबामार्गे विमानाने पोहोचता येते. सरोवरांकडे जाताना जीप, जाणता स्थानिक वाटाड्या आणि मुबलक पाणी हवेच. फ्रेंच आणि अरबी या राजभाषा असल्या तरी घराघरांत सोमाली आणि अफार बोलली जाते. डासांपासूनही जपा : आपल्या शहरांत हिवताप पसरवणारा ॲनोफिलिस स्टीफन्सी आफ्रिकेत पहिल्यांदा आढळला तो २०१२ मध्ये, इथेच. निघण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्या.

महासागर कसे तयार होतात हे आपण शाळेत नकाशावर शिकलो. तेच पायांखाली पाहायचे असेल, तर पुढच्या हिवाळ्यात जिबूतीला जा.