भट्टीतून निसटणारा फ्लोरीन

ग्रीनलंडच्या नैऋत्य किनाऱ्यावर इव्हिटूट इथल्या खाणीतून क्रायोलाइट निघत असे. त्याची एक गंमत होती. शुद्ध क्रायोलाइटचा खडा पाण्यात टाकला की दिसेनासा व्हायचा. तो विरघळत नसे. पण त्याच्यातून आणि पाण्यातून प्रकाश जवळजवळ सारखाच वाकतो, म्हणून डोळ्यांना वेगळा ओळखू येत नसे. ही खाण १९८७ मध्ये बंद झाली. आता ॲल्युमिनियमच्या कारखान्यांना लागणारं क्रायोलाइट कृत्रिमरीत्या बनवतात आणि त्यातलं थोडंफार सिरॅमिकवाल्यांपर्यंतही पोहोचतं. भट्टीतही त्यातला काही भाग दिसेनासा होतो, पण ते प्रकरण इतकं निरुपद्रवी नाही.

ग्लेझ म्हणजे भांड्यावर वितळवून बसवलेली काच. तिचा कणा सिलिकाचा असतो आणि शुद्ध सिलिका वितळायला १७०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान लागतं. स्टुडिओतल्या भट्टीला ते झेपत नाही. म्हणून सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, बोरॉन यांची संयुगं मिसळतात. ही फ्लक्स मंडळी. फ्लोरस्पार आणि क्रायोलाइट ही त्यांच्यातलीच दोन खनिजं: फ्लोरस्पार म्हणजे कॅल्शियमचं फ्लोराइड, तर क्रायोलाइट हे सोडियम आणि ॲल्युमिनियमचं. (फ्लोरस्पार आपल्याकडेही आहे, गुजरातेत आंबाडुंगरला आणि चंद्रपूर जिल्ह्यात डोंगरगावला.) त्यांच्यातला कॅल्शियम किंवा सोडियम फ्लक्सचं काम करतोच, वर फ्लोरीन सिलिकाच्या जाळ्यात घुसून दुवे तोडतो. काच पातळ होऊन सहज वाहते. थंड होताना तिच्यात फ्लोराइडचे सूक्ष्म स्फटिक तयार झाले तर ती दुधाळ दिसते. दुधी काच बनवण्याची एक जुनी रीत हीच.

कुंभारांना मात्र बहुधा वेगळाच मोह असतो. फ्लोरीनचा काही भाग सिलिकॉनशी जोडी जमवून वायू बनतो आणि वितळलेल्या ग्लेझमधून बाहेर पडू बघतो. ग्लेझ दाट असेल तर ते पिठल्यासारखं फदफदतं आणि फुटलेल्या बुडबुड्यांच्या जागी खड्डे राहतात. चंद्रावरच्यासारखा हा खडबडीत पृष्ठभाग फुलदाणीवर फार देखणा दिसतो. कपात नको, त्या खड्ड्यांत अडकलेला चहा कितीही घासला तरी निघणार नाही.

ग्लेझचं गणित ऑक्साइडमध्ये मांडतात. क्रायोलाइटमधले सोडियम आणि ॲल्युमिनियम त्यात नीट मोजले जातात, फ्लोरीन मात्र सहसा ‘जळून गेलेल्या वजना’त ढकलला जातो. मला हा रकानाच फसवा वाटतो. क्रायोलाइटच्या वजनात ५४ टक्के फ्लोरीनच असतो, आणि निसटलेला फ्लोरीन ओलाव्याशी गाठ पडली की हायड्रोजन फ्लोराइड बनतो. काच कोरायला वापरतात तोच हा पदार्थ. डोळे, श्वासनलिका, फुप्फुसं, सगळ्यांनाच तो बाधतो.

हिशेब करून पाहू. एक किलो कोरड्या ग्लेझमध्ये दहा टक्के क्रायोलाइट घातलं तर ५४ ग्रॅम फ्लोरीन झाला. त्यातला फक्त दहावा हिस्सा उडाला, म्हणजे ५.४ ग्रॅम, आणि तो दहा बाय बाराच्या, दहा फूट उंचीच्या बंद खोलीत कोंडला, तर दर घनमीटर हवेत सुमारे १६० मिलिग्रॅम होतात. अमेरिकेत आठ तासांच्या पाळीसाठी कायद्याने घातलेली मर्यादा साधारण अडीच मिलिग्रॅम आहे. प्रत्यक्षात भट्टी तासन्‌तास चालते आणि हवाही खेळती असते, त्यामुळे आकडा खाली येईल. पण साठ पटींहून मोठी तफावत नुसती खिडकी उघडून भरून निघेल यावर विसंबू नये. विजेच्या भट्टीतल्या तारांवरचा संरक्षक थरही या वायूंनी खराब होतो.

साध्या मातीतही थोडा फ्लोरीन असतोच. म्हणून युरोपातल्या अनेक वीट कारखान्यांत भट्टीचा धूर चुनखडीच्या खड्यांमधून नेतात. चुनखडी फ्लोरीन पकडते आणि तिथे तयार होतं कॅल्शियम फ्लोराइड, म्हणजे पुन्हा फ्लोरस्पारच! घरगुती भट्टीला अशी सोय नसते.

तेव्हा धूर थेट बाहेर ओढून नेणारी व्यवस्था नसेल, तर क्रायोलाइट आणि फ्लोरस्पार आणूच नयेत. खड्डेच हवे असतील तर सिलिकॉन कार्बाइडची बारीक पूड तेच काम करते. तिच्यातून कार्बनचे वायू निघतात, म्हणून हवा खेळती लागतेच, पण फ्लोरीनचा त्रास टळतो. आणि तयार फ्रिट, म्हणजे आधीच वितळवून दळलेली काच, विकत घेताना दुकानदाराकडून घटकांचा तक्ता मागून घ्या. काही फ्रिटमध्येही फ्लोरीन असतो आणि नुसत्या क्रमांकावरून तो कळत नाही.