संगणक मुका झाला, तर...

संगणक सुरू होतो, पडदा उजळतो, इंटरनेटही जोडले जाते. पण गाणे लावले की चित्र तेवढे हलते, आवाज येत नाही. दुसऱ्या दिवशी मुलीची ऑनलाइन मुलाखत असावी आणि नेमका आदल्या संध्याकाळी हा प्रकार घडावा, असा अनुभव अनेक घरांत येतो. संगणक दुरुस्तीला नेला की 'साउंड गेला, बोर्ड बदलावा लागेल' असे उत्तर पुष्कळदा ऐकू येते आणि घरचा माणूस काही हजारांच्या खर्चाची तयारी करू लागतो. प्रत्यक्षात मदरबोर्डवरील ध्वनियंत्रणा पूर्णपणे निकामी होण्याचे प्रसंग कमी. आवाज बहुधा वाटेत कुठेतरी अडलेला असतो. ती वाट ठाऊक असेल, तर एक पैसाही खर्च न करता तो मोकळा करता येतो.

पूर्वी संगणकाला आवाज म्हणजे केवळ 'बीप'. सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीने १९८९ मध्ये 'साउंड ब्लास्टर' हे कार्ड बाजारात आणले आणि पुढे नव्वदच्या दशकात साउंड कार्ड, सीडी ड्राइव्ह व दोन स्पीकर यांच्या जोरावर 'मल्टिमीडिया संगणक' घरोघरी पोहोचला. इंटेलने १९९७ मध्ये 'एसी ९७' आणि २००४ मध्ये 'हाय डेफिनिशन ऑडिओ' ही मानके आणली, तसे वेगळ्या कार्डाचे काम मदरबोर्डवरच होऊ लागले. या यंत्रणेचे दोन भाग असतात. आकड्यांच्या रूपातील ध्वनी हाताळणारा नियंत्रक चिपसेटमध्ये असतो. त्या आकड्यांचे विद्युत लहरींत रूपांतर करणारी 'कोडेक' नावाची छोटी चौकोनी चिप मागच्या जॅकजवळ बसवलेली असते. ही चिप पुष्कळ बोर्डांवर तैवानच्या रिअलटेक कंपनीची असते.

वाटेतले पहिले दार बायोसचे. संगणक सुरू होताना 'डिलीट' किंवा 'एफ २' ही कळ दाबून तेथे जाता येते. 'ऑनबोर्ड डिव्हाइसेस' किंवा 'इंटिग्रेटेड पेरिफेरल्स' अशा शीर्षकाखाली 'एचडी ऑडिओ कंट्रोलर' हा पर्याय असतो, तो 'एनेबल्ड' हवा. जुना संगणक विकत घेतला असेल, तर येथे जरूर डोकवावे. आधीच्या मालकाने वेगळे साउंड कार्ड लावताना हा पर्याय बंद केलेला असतो आणि संगणक विकताना कार्ड काढून घेतलेले असते. दार बंद असेल, तर विंडोजला ही यंत्रणा दिसतच नाही. मग ड्रायव्हर कितीही वेळा टाकला तरी व्यर्थ.

दुसरे दार ड्रायव्हरचे. 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये ध्वनीच्या उपकरणावर पिवळे चिन्ह दिसत असेल, तर दोष येथे आहे असे समजावे. विंडोजचा स्वतःचा साधा ड्रायव्हर बहुतेक वेळा काम चालवून नेतो, पण पुढच्या-मागच्या जॅकची मांडणी बदलण्यासाठी मदरबोर्डच्या उत्पादकाच्या संकेतस्थळावरील ड्रायव्हर घेतलेला बरा. बोर्डाचे नाव बोर्डावरच छापलेले असते. कॅबिनेट उघडायचे नसेल, तर विंडोजच्या 'सिस्टीम इन्फर्मेशन'मध्ये ते सापडते. 'सर्व ड्रायव्हर एका क्लिकमध्ये' देऊ करणाऱ्या अनोळखी प्रोग्रॅमच्या मात्र वाटेला जाऊ नये. त्यांतून आवाजाऐवजी भलतेच काही संगणकात शिरण्याची शक्यता अधिक.

हे दोन्ही ठीक असूनही शांतता असेल, तर सर्वाधिक संशय तिसऱ्या दारावर घ्यावा. नवा मॉनिटर एचडीएमआय केबलने जोडला की ती केबल चित्राबरोबर ध्वनीही वाहून नेते. विंडोज कित्येकदा मॉनिटरलाच स्पीकर समजते आणि सारा आवाज तिकडे पाठवते. मॉनिटरमध्ये स्पीकर नसले, तर तो आवाज हवेत विरतो आणि दोष बिचाऱ्या मदरबोर्डच्या माथी येतो. उपाय अर्ध्या मिनिटाचा आहे. घड्याळाजवळच्या स्पीकरच्या चिन्हावर उजवी क्लिक करून 'साउंड सेटिंग्ज' उघडावे आणि ध्वनी बाहेर पाठवण्याचे साधन म्हणून मॉनिटरऐवजी स्पीकर निवडावा. तेथे आवाजाची पट्टी हलताना दिसत असेल आणि कानाला काही ऐकू येत नसेल, तर ध्वनी तयार होतो आहे, तो पोहोचत मात्र नाही, एवढे निश्चित.

मग वळावे संगणकाच्या पाठीकडे. हिरवा जॅक स्पीकर किंवा हेडफोनचा, गुलाबी मायक्रोफोनचा आणि निळा बाहेरच्या उपकरणाचा ध्वनी आत घेण्याचा. मायक्रोसॉफ्ट व इंटेल यांच्या 'पीसी ९९' या मार्गदर्शिकेने रूढ केलेले हे रंग आजही बरेचसे टिकून आहेत. टेबलाखाली वाकून, अंधारात, चाचपडत जॅक लावणाऱ्याला मात्र हे रंग दिसत नाहीत आणि स्पीकरची पिन गुलाबी भोकात जाते. हसू येईल, पण ही चूक वारंवार होते.

कॅबिनेटच्या पुढच्या जॅकची कथा निराळी. तेथून निघणारी वायर बोर्डावरील नऊ पिनांच्या जागी लावावी लागते. तिच्या आसपास 'एएएफपी', 'एफ ऑडिओ' किंवा 'जेएयूडी १' असे काहीतरी छापलेले असते. ती वायर लावायचे राहून गेले, तर पुढचे जॅक निव्वळ शोभेचे. ही तपासणी संगणक बंद करून, प्लग काढूनच करावी. जुन्या कॅबिनेटमध्ये नवा बोर्ड बसवला असेल, तर आणखी एक घोटाळा संभवतो. 'एचडी ऑडिओ'त पिन आत गेल्याची वर्दी कोडेकला स्वतंत्र तारेतून मिळते. 'एसी ९७'च्या वायरीत ती सोयच नाही. हेडफोन लावूनही संगणकाला पत्ता लागत नाही. अशा वेळी बायोसमध्ये 'फ्रंट पॅनेल'चा प्रकार बदलून 'एसी ९७' करावा किंवा रिअलटेकच्या प्रोग्रॅममध्ये पुढच्या जॅकची ओळख तपासणे बंद करावे.

२०२० च्या टाळेबंदीत घरातला डेस्कटॉप एकाएकी शाळा आणि कचेरी झाला, तेव्हा आणखी एक अडचण घरोघरी कळली. मोबाइलच्या इअरफोनच्या पिनेवर तीन काळ्या पट्ट्या असतात, कारण आवाज आणि मायक्रोफोन दोन्ही त्याच पिनेतून जातात. डेस्कटॉपच्या मागे या दोन कामांसाठी दोन वेगळी भोके असतात. त्यामुळे असा इअरफोन हिरव्या जॅकमध्ये लावला की ऐकू येते, पण बोललेले पलीकडे जात नाही. एका पिनेच्या दोन करणारा स्वस्त जोड त्यावर पुरेसा आहे. तो लावूनही मायक्रोफोन गप्प असेल, तर विंडोजच्या 'प्रायव्हसी' विभागात मायक्रोफोनला परवानगी आहे ना, हे पाहावे.

आवाज येतो, पण सोबत सतत घूंघूं येते, ही तक्रार आपल्याकडच्या घरांत विशेष. तिचे मूळ कित्येकदा संगणकात नसून भिंतीत असते. अर्थिंग नसलेल्या सॉकेटमध्ये तीन पिनांचा प्लग कसाबसा बसवला की ही घरघर स्पीकरमध्ये उतरू शकते. येथे साउंड कार्ड नव्हे, इलेक्ट्रिशियन हवा; अर्थिंग जिवाच्या सुरक्षिततेसाठीही आवश्यक आहेच. माउस हलवताना बारीक किरकिर ऐकू येत असेल, तर ती बोर्डावरील इतर भागांची विद्युत लुडबुड असते. पुढच्या जॅकऐवजी मागचा वापरला, तर ती बऱ्याचदा कमी होते.

बोर्ड बदलण्यापूर्वी एक परीक्षा अवश्य घ्यावी. एखादा यूएसबी हेडफोन जोडून पाहावा. त्यात स्वतःचे कोडेक असल्याने तो मदरबोर्डवरील ध्वनियंत्रणेवर अवलंबून नसतो. त्यातून आवाज आला, तर विंडोज धडधाकट आहे आणि दोष बोर्डावरच्या कोडेकमध्ये, जॅकमध्ये किंवा त्यांच्या मांडणीत आहे. अगदी कोडेक जळाले असले, तरी काही शे रुपयांचे यूएसबी साउंड अडॅप्टर वेळ निभावून नेते. केवळ आवाजासाठी अख्खा बोर्ड बदलण्याचे कारण उरत नाही.

ज्या घरात दृष्टिहीन व्यक्ती संगणक वापरते, तेथे तर असा हेडफोन टेबलाच्या खणात कायमचा असावा. 'एनव्हीडीए'सारखा मोफत स्क्रीन रीडर पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवतो. आवाज गेला, की तिच्यासाठी अख्खा संगणकच बंद पडतो आणि साउंड सेटिंग्जपर्यंत पोहोचण्याची वाटही आवाजाविना सापडत नाही. नवे उपकरण जोडताच विंडोज बहुतेक वेळा आवाज आपणहून तिकडे वळवते. त्यामुळे कोणाच्या येण्याची वाट न पाहता ती व्यक्ती स्वतःच पुढची दुरुस्ती हाती घेऊ शकते.