वासराची हगवण आणि काचेच्या बशीतलं आतडं



गाय-म्हैस व्याली की घरात आनंद असतो. पण कधी कधी आठ-पंधरा दिवसांतच वासराला पातळ हगवण लागते, ते दूध सोडतं, डोळे खोल जातात आणि बघता बघता दावं रिकामं होतं. कालवड गेली म्हणजे पुढं दावणीला येणारी दुभती गाय गेली. ही हगवण पोटात नेमकं काय करते, आणि शास्त्रज्ञ तिचा अभ्यास आता कसा करतात, ते समजून घेऊ. म्हणजे आपण काय करायचं, तेही आपोआप उमजेल.

आतड्याच्या आत काय असतं?

वासराच्या लहान आतड्याला आतून मखमलीसारखी लव असते. खाल्लेल्याचा रस आणि पाणी ही लव शोषून घेते. लवेच्या बुडाशी बारीक खळगे असतात आणि त्या खळग्यांत मूळपेशी असतात. शेंड्यावरच्या पेशी झिजून गळतात, खालून नव्या पेशी वर सरकतात. आपल्या लसूणघासासारखंच हे. वरचा पाला कापला तरी बुडखा शाबूत असला की पुन्हा फुटवा येतो.

रोटाव्हायरस हा विषाणू आणि क्रिप्टोस्पोरिडियम हा सूक्ष्म परजीवी मुख्यतः लवेच्या पेशींवर हल्ला करतात. लव खुरटली की दूध पचत नाही, पाणी शोषलं जात नाही, सगळं पातळ होऊन बाहेर पडतं. वासरू दगावतं ते बहुधा अंगातलं पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळं. खळग्यातल्या मूळपेशी मात्र पुष्कळदा शाबूत असतात. त्यांना थोडे दिवस मिळाले तर त्या लव पुन्हा उभी करतात.

बशीत आतडं कसं वाढवतात?

पूर्वी अशा रोगांचा अभ्यास करायचा तर जिवंत जनावराला रोग लावावा लागे. नाहीतर बाटलीत एकाच जातीच्या पेशी वाढवत. पण त्या खऱ्या आतड्यासारख्या वागत नाहीत. 2009 साली नेदरलँड्समधल्या युट्रेख्ट गावी तोशिरो सातो आणि हान्स क्लेव्हर्स यांनी उंदराच्या आतड्यातली एकेक मूळपेशी घेऊन तिच्यापासून बारीकसं आतडंच वाढवून दाखवलं. त्याला ऑर्गनॉइड म्हणतात.

पुढं स्कॉटलंडमधल्या एडिंबरोजवळच्या रोझलिन संस्थेत गाईगुरांच्या आतड्यावर हेच काम झालं. ते 2018 साली प्रसिद्ध झालं. रीत अशी : कापलेल्या जनावराच्या आतड्याचा तुकडा धुऊन त्यातले खळगे सुटे करतात. मऊ जेलीत ते रोपासारखे लावतात. वाढीला लागणारे पदार्थ घालून अंगाच्या उबेइतक्या उबेत ठेवतात. थोड्या दिवसांत पोकळ गोळे तयार होतात, त्यांना कोंब फुटतात. राजगिऱ्याच्या दाण्याहून बारीक, पण आत आतड्याच्या निरनिराळ्या पेशी असतात. एका तुकड्यापासून पुष्कळ बश्या भरतात, गोठवून जपूनही ठेवता येतात.

या गोळ्यांत जंतू सोडले की तो कोणत्या पेशीत शिरतो, किती वाढतो, कोणतं औषध त्याला अडवतं, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येतं. रोझलिन संस्थेतच कोंबडीच्या आतड्याचे गोळे वाढवून त्यांत साल्मोनेला, इन्फ्लुएन्झा आणि कोंबड्यांच्या रक्ती हगवणीचा परजीवी सोडून पाहिला. हे काम 2021 साली प्रसिद्ध झालं.

पण एक ध्यानात ठेवा. बशीतल्या आतड्याला रक्तपुरवठा नसतो, हालचाल नसते, वासराचं सगळं शरीर त्याच्या पाठीशी नसतं. म्हणून बशीत लागू पडलेलं औषध जनावरावर तपासावंच लागतं.

आपण काय करायचं?

1) जार पडेपर्यंत चीक न पाजण्याची चाल सोडा. जन्मल्यापासून दोन तासांच्या आत चीक पाजा. पहिल्या दिवशी वासराच्या वजनाच्या दहावा हिस्सा चीक पोटात जाऊ द्या. 25 किलोच्या वासराला अडीच किलो, दोन-तीन वेळांत विभागून. चिकातली रोगप्रतिकारक द्रव्यं आतडं फार तर पहिल्या दिवसभरच शोषतं.

2) हगवण लागताच क्षारांचं पाणी द्यायला लागा. प्रमाण डॉक्टरांना विचारा. दिवसातून दोन-तीन वेळा, दुधाच्या वेळा सोडून द्या. दूध अगदी बंद करू नका. लव भरून येईपर्यंत वासराला तगवायचं आहे.

3) मनानं अँटिबायोटिक पाजू नका. विषाणूवर ते चालतच नाही.

4) आजारी वासरू वेगळं बांधा, जागा कोरडी ठेवा, त्याचं काम शेवटी करा. हात साबणानं धुवा. क्रिप्टोस्पोरिडियम माणसालाही, विशेषतः लहान पोरांना, बाधतो.

5) डोळे खोल गेले, कातडी चिमटीत धरून सोडल्यावर लगेच बसली नाही, कान-पाय गार पडले, वासरू उठेना किंवा हगवणीतून रक्त पडलं, तर घटकाभरही न थांबता पशुवैद्यकीय दवाखाना गाठा.

शास्त्रज्ञ ज्या मूळपेशीतून बशीत आतडं उगवतात, तीच मूळपेशी तुमच्या वासराच्या पोटात आहे. तिला फुटवा यायला वेळ मिळवून देणं तुमच्या हातात आहे.