वादळात कलंडलेली झाडे

व्यंकोजीराजांच्या काळापासून तंजावरशी आपले नाते जडलेले आहे. त्या जिल्ह्यावर १६ नोव्हेंबर २०१८ च्या पहाटे ‘गजा’ चक्रीवादळाचा घाला पडला. नागपट्टिणम व वेदारण्यम यांच्या दरम्यान ताशी १०० ते ११० किलोमीटर वेगाचे वारे किनाऱ्यावर आदळले आणि पट्टुकोट्टई, पेरावुरणी भागांतील नारळीच्या बागा आडव्या झाल्या. पुढे ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळाने श्रीवर्धन-दापोलीकडील बागाइतदारांवर तोच प्रसंग आणला. उंच जातीचा नारळ फळावर येण्यास सहा-सात वर्षे लागतात. म्हणून वादळानंतर कुऱ्हाड हाती घेण्यापूर्वी वाचकांनी थोडा विचार करावा. कलंडलेले प्रत्येक झाड मेलेले नसते.

प्रथम मुळे पाहावीत. निम्म्याहून अधिक मुळे जमिनीत शाबूत असतील आणि खोड पोटरीहून जाड नसेल, तर आंबा, पेरू, लिंबू, चिकू यांसारखे झाड बहुधा वाचविता येते. उघडी पडलेली मुळे ओल्या गोणपाटाने ताबडतोब झाकावीत. ऊन व वारा लागून ती सुकली की पुढील सारे श्रम व्यर्थ जातात. मोडक्या मुळांची टोके धारदार कोयत्याने साफ कापावीत आणि फांद्यांचा भार सुमारे एकतृतीयांशाने कमी करावा. थोड्या उरलेल्या मुळांना सगळ्या पालवीस पाणी पुरविणे शक्य नसते.

मग उचकटलेल्या मुळांखालील माती खणून त्यांना बसावयास जागा करावी. जमीन ओली असतानाच, धक्का न देता, हळूहळू झाड उभे करावे. माती भरून पायाने दाबावी व आळे करून पाणी द्यावे. तीन बाजूंना मेखा ठोकून काथ्याच्या दोरांनी ताण द्यावा. दोर खोडावरून जातो तेथे सायकलची जुनी ट्यूब घालावी, म्हणजे साल कापली जात नाही. दोर फार ताठ नसावेत. वाऱ्याने थोडे हलल्यानेच खोड जाड व बळकट होते; जखडून ठेवलेले झाड आधार काढताच पुन्हा झुकते. वर्षभरानंतर हे आधार काढून टाकावेत.

नारळाची गोष्ट निराळी आहे. त्याचे वाढलेले खोड सरळ होत नाही. शेंडा आपणच वर वळतो आणि खोडात बाक राहतो. बुंध्यातून नवी मुळे सतत फुटत असतात, म्हणून झुकलेल्या माडाच्या बुंध्याशी मातीची भर घालावी. मात्र शेंड्याचा कोंब मोडला असेल तर आशा सोडावी, कारण माडाला दुसरा डोळा नसतो. असे मेलेले खोड परसात कुजू देऊ नये. त्यात गेंड्या भुंगा वाढतो आणि शेजारच्या धडधाकट माडांवर जातो.

लोंगर धरलेल्या केळीला दोन बांबू कात्रीसारखे बांधून, ज्या बाजूला ती झुकते त्या बाजूने लोंगराच्या देठाखाली टेकू द्यावा. मोडलेला शेवगा जमिनीपासून तीन फुटांवर कापावा. तो पुन्हा फुटतो.

तंजावरकडे ऑक्टोबर ते डिसेंबर हे पावसाचे दिवस, तर आपल्याकडे जूनपासून. त्यापूर्वीच महिनाभर आधी परसात एक फेरी मारावी, दाट फांद्या विरळ कराव्यात आणि कोवळ्या कलमांना खुंट द्यावेत. एक बांबू आणि हातभर दोर यांवर कित्येक वर्षांची मेहनत वाचू शकते.